तोंडात तीळ भिजेना

बँकेत 31 वर्षं कॅशियर होतो. बोट जिभेला लावायचं नि गड्डी फर्रकन मोजायची. आमच्या धंद्याचं भांडवल म्हणजे थुंकी. ते घशाच्या कॅन्सरात बुडालं. 33 शेक बसले. (रेडिएशनला बाकावरची सगळी मंडळी ‘शेक’च म्हणायची, जणू कंबर धरलीय.) गाठ गेली, पण जाताना तोंडचं पाणी पळवून गेली.

डॉक्टर म्हणाले, लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, रोजची लाळ साधारण लिटरभर. शेकाच्या वाटेत ग्रंथी आल्या नि भाजल्या. लिटरभर! आमच्याकडे दूधही तेवढंच येतं.

मग पायलोकार्पिनच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. ही गोळी ग्रंथींना चिमटे काढून उठवते. पण लाळेची कुठली नि घामाची कुठली, हे तिला कळत नाही. ऐन डिसेंबरात कपाळावरून धारा, तोंडात जेमतेम दव. ही म्हणाली, “अहो, पाणी आलंय, पण भलत्याच नळाला.”

त्यावर कृत्रिम लाळेचा फवारा आणला. साहेबापुढे लाळ घोटणारे मी खूप पाहिले. आता मला घोटायची तर विकत आणावी लागेल, आणि बाटलीची किंमत बघता तेवढ्या लायकीचा साहेब आठवत नाही.

लिंबाच्या गोळ्या चघळल्या, तर दातांच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. लाळ म्हणजे दातांचा गुरखा. तो रजेवर असताना आंबटगोड खाणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगम बरं. तेव्हापासून सदुसष्टाव्या वर्षी मी कट्ट्यावर रवंथ करत बसतो आणि जुने खातेदार नमस्कार करावा की नाही, या विचारात पुढे जातात.

भाकरी कढीत पोहल्याशिवाय खाली उतरत नाही. चिवड्याचं नाव काढू नका. रात्री जीभ टाळूला चिकटली की जाग येते, घोटभर पाणी पितो. तासाभराने ते पाणीच मला उठवतं.

परवा संक्रांतीला शेजारच्या वहिनी आल्या. डॉक्टरीणबाईंची मनोमन माफी मागून तिळगूळ तोंडात टाकला. चावला, घोळवला, या गालातून त्या गालात नेला. पाच मिनिटांनी वहिनींनी विचारलं, “कसा झालाय?” बोलता येईना, म्हणून आ करून दाखवला. सगळे तीळ कोरडे ठणठणीत.

“बघितलंत ना?” ही वहिनींना म्हणाली. “चाळीस वर्षं मी दुसरं काय सांगत होते!”