ओव्हनकाका

नोकरीत असेपर्यंत ज्यांनी पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही आणि निवृत्त झाल्यावर ज्यांना तिथून हुसकून काढावं लागतं, असे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडचे ओव्हनकाका. हयात गेली वीज खात्यात, ‘नको तिथे दिवे जाळू नका’ असं लोकांना सांगण्यात. आता घरात दोन हजार वॉटचा ओव्हन आहे आणि तो तापेपर्यंत काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात.

आमटी, पोळ्या, कोशिंबीर यांच्या वाटेला काका जात नाहीत. ते ‘डिश’ करतात. त्यातली त्यांची हातखंडा डिश म्हणजे भाज्या भरून बेक केलेलं वांगं.

सुरुवात मंडईत होते. भरल्या वांग्यांसाठी आपण घेतो ती कृष्णाकाठची छोटी वांगी काकांना चालत नाहीत. त्यांना मोठी, लांबट हवीत. चार घेतली तर चारही एका मापाची हवीत, कारण एखादं जाड निघालं की ‘टायमिंग बोंबलतं’. ढिगातलं एकेक वांगं उचलून ते देठ बघतात, साल दाबतात, शेजारच्या वांग्याला लावून उंची ताडतात. भाजीवालीनं एकदा न राहवून विचारलं, “काका, वांगी घ्यायला आलाय का सून बघायला?”

“मावशी, सूनसुद्धा इतकी पारखून आणली नाही.”

“ते मात्र खरं,” मागून काकू म्हणाल्या. पिशवी त्यांच्या हातात होती.

या काकू माहेरच्या जळगावकडच्या. म्हणजे वांगं त्यांना बाळगुटीतच मिळालेलं. शिवाय घरात चातुर्मास कडक. आषाढी एकादशी आली की कांदा, लसूण आणि वांगं बंद. कांदा-लसूण कार्तिकीनंतर परत येतो, वांगं मात्र चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. हे चार-पाच महिने काका नुसते व्हिडिओ बघत बसतात. गेल्या चंपाषष्ठीला त्यांनी नैवेद्याचं वांगं ओव्हनमध्ये भाजायचा प्रस्ताव मांडला होता. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

आता प्रत्यक्ष कृती. काका वांगं देठासकट उभं चिरतात, गरावर सुरीनं चौकटी पाडतात आणि मीठ चोळून अर्धा तास उपडं घालतात. यामागचं शास्त्र आलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं. वांग्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. कोरडं वांगं टाकलं की ते तेल पीतच सुटतं. मिठानं पाणी सुटून गर बसला की तेल कमी लागतं. हे खरं आहे, मी करून बघितलंय. मग चमच्यानं गर कोरायचा, सालीलगत अर्ध्या बोटाची भिंत ठेवायची. भिंत पातळ झाली की होडी ओव्हनमध्ये बसते आणि सारण ट्रेभर होतं. कोरलेला गर, कांदा, लसूण, टोमॅटो, ढोबळी मिरची, गाजर, फरसबी हे सगळं परतून परत वांग्यात. वर चीज. मग दोनशे अंशांवर पाऊण तास.

‘काका करतात’ असं मी लिहिलं खरं. लसूण शेजारचे जोशी सोलतात, फरसबी मी चिरतो, चीज नातू किसतो आणि किसता किसता निम्मं खातो. काका ‘टेंपरेचर’ बघतात.

ओव्हनचं दार लागलं की इमामाची गोष्ट सुरू होते. पदार्थ तुर्कस्तानचा, नाव ‘इमाम बायल्दी’. एका इमामाच्या बायकोनं हे वांगं केलं आणि ते खाऊन इमामसाहेब बेशुद्ध पडले. आता ते चवीनं पडले, की त्यात किती ऑलिव्ह तेल जिरलं ते ऐकून पडले, यावर तिकडेही दोन मतं आहेत. काकूंचं मत तेलाच्या बाजूनं. काका सांगत नाहीत ती गोष्ट मी सांगतो. तिकडे वांगं आधी तेलात चांगलं परततात, सारणात मुख्यतः कांदा, लसूण आणि टोमॅटो असतो, चीज नसतं, आणि ते निववून खातात. काका डॉक्टरांच्या धाकानं तेल ब्रशनं लावतात. फरसबी तर इमामाच्या स्वप्नातही आली नसेल.

पण हे निववून खाणं एकदा कामी आलं. वांगी आत गेली, पाच-पंचवीस मिनिटं झाली आणि वीज गेली. पाहुणे ताटावर बसलेले. अंधारात काही क्षण शांतता. वीज खात्याचा माणूस यावर काय बोलणार याची सगळ्यांना उत्सुकता. काका म्हणाले, “मूळ पद्धत गारच खायची आहे.” मेणबत्तीच्या उजेडात आम्ही ते अर्धकच्चं वांगं चावत राहिलो. काकूंनी खिचडी आधीच टाकली होती. त्यांच्याकडे गॅस आहे.

एरवी, म्हणजे वीज असेल तेव्हा, ते वांगं चांगलं होतं. कडा करपतात, साल मऊ पडते, आतला लसूण गोडसर लागतो. काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभे असतात आणि पहिल्या घासालाच ‘कसं झालंय?’ विचारतात. सगळे ‘वा’ म्हणतात. काकू सावकाश खातात, पाणी पितात आणि विचारतात, “सगळं आहे, पण धूर कुठंय?” कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काटक्यांवर भाजलेल्या वांग्यावर वाढलेली बाई ती. यावर काकांकडे उत्तर नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं एवढं ते बोलून दाखवतात, पण त्यानं काकूंचीच बाजू बळकट होते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

तुमच्याही सोसायटीत असे काका असतील. बोलावलं तर जरूर जा. साडेसात सांगितले असतील तर नऊला जा, म्हणजे फरसबी चिरावी लागणार नाही.