शिष्ट कुठली!

"शिष्ट कुठली! काकू, खरं सांगते, इतकी शिष्ट बाई मी जन्मात बघितली नाही."

शेजारची सून कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकवून उभी राहिली की समजायचं, अर्धा तास गेला. मी जास्वंदीला पाणी घालत होते, ते घालत राहिले. आदल्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच शास्त्रीय गाण्याला गेली होती, तीही नवऱ्याच्या ऑफिसातून दोन पास आले म्हणून. गायिका नावाजलेली. नाव इथं लिहीत नाही, कारण पुण्यात प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी कुणाचा तरी शिष्य असतोच.

"काय केलं गं त्यांनी एवढं?"

"काही केलंच नाही, हेच तर! गाणं संपल्यावर मी मागं गेले. म्हटलं, 'ताई, एक सेल्फी.' त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात असा वर केला, 'आत्ता नको' म्हणाल्या आणि चालू लागल्या. वर ती तंबोऱ्यावर बसलेली मुलगी मला म्हणते, जरा बाजूला व्हा. मी काय चोर आहे?"

"आणि तबल्यावर कोण होतं?"

"अय्या, तो किती गोड मुलगा! थांबला, हसला, कुठं राहता विचारलं. तीन सेल्फी काढून दिल्या. मोठ्या माणसानं असं असावं."

मोठा माणूस पंचविशीतला असावा. मी म्हटलं, बाई, पंचवीस वर्षं वाजवू दे त्याला, मग बघू.

एवढ्यात आतून माईंचा आवाज आला. माई म्हणजे हिच्या सासूबाई. ओट्यावर मेथी निवडत असल्या तरी कान कुंपणावर. "त्या किशोरी आमोणकरही तशाच होत्या हो! मध्येच गाणं थांबवून लोकांना दटावायच्या. तिकीट काढून ओरडा खायचा!"

हे खोटं नाही. किशोरीताईंच्या मैफलीत मागं चुळबूळ झाली की त्या थांबायच्या. स्वरमंडळ लावता लावता लोकांच्या घड्याळाचा काटा पुढं जायचा. माझ्या ओळखीतली किती तरी माणसं त्यांचा एक भूप ऐकून महिनाभर हरवल्यासारखी वागली असतील, पण चारचौघांत आठवण निघाली की सांगायची ती रागावल्याचीच. भूपातल्या त्या 'सहेला रे'बद्दल बोलायला शब्द सुचत नाहीत, ओरडा कसा खाल्ला ते मात्र साभिनय सांगता येतं.

"पण एवढा राग कशाचा?" सूनबाईंनी विचारलं.

मग मला तिला मोगूबाईंची गोष्ट सांगावी लागली. मोगूबाई कुर्डीकर म्हणजे किशोरीताईंच्या आई आणि गुरूही. गोव्यातलं कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्यात आहे, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं. लहानपणी आई गेली, पुढं नवरा गेला, पदरात तीन मुलं. गाण्यावर घर चालवायचं. मैफलीला परगावी जायचं तर रेल्वेचा तिसरा वर्ग, उतरायची सोय कुणाच्या तरी घरी, आणि बिदागी हातावर ठेवतील ती. मागं तंबोऱ्याला मुलगी बसलेली असायची. ती हे सगळं बघत होती. आईच्या वाट्याला आलेली ती वागणूक किशोरीताई पुढं आयुष्यभर मुलाखतींतून सांगत राहिल्या, आणि आपण ती सोसायची नाही हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. मग त्यांनी गाडी मागितली, बरी खोली मागितली, समोर शांतता मागितली. आयोजकांना तो नखरा वाटला. मला विचारशील तर ती थकबाकीची वसुली होती.

"वसुली आयोजकांकडून करायची ना, मग लोकांवर का डाफरायचं?" ही पोरगी वकिलीला जायला हवी होती.

"तेही आहे," मी म्हटलं. सगळंच झाकायला मी काही त्यांची शिष्या नाही. कधी कधी एखादा बिचारा उगाच खोकला म्हणूनही बोलणी खात असेल. पण त्यांचा जीव सुरात अडकलेला असायचा हेही तेवढंच खरं. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला होता, काही काळ गाता येत नव्हतं. ज्याचा आवाज एकदा जाऊन परत आलेला असतो, तो माणूस मैफलीत शेजारच्याशी भिशीचा हिशेब करणाऱ्याकडे कसा बघेल?

आणि तंबोरे लावण्यात जाणाऱ्या वेळाचं म्हणशील तर त्यात लहर कमी, हवा जास्त. ग्रीनरूममध्ये सुरेल लावलेले तंबोरे रंगमंचावर आणले की दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतात, एसीचा गारवा लागला की चढतात. पुन्हा लावावेच लागतात. ते न लावता गायला बसणारी बाई तुला मनमिळाऊ वाटेल, पण तिचं गाणं ऐकवणार नाही.

यावर मी एक गोष्ट माईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. कुमार गंधर्वही तंबोरे लावायला हवा तेवढा वेळ घ्यायचे. तेव्हा लोक काय म्हणत? कुमारजींचे तंबोरे लागले की मैफल तिथंच सुरू झाली! भीमसेनजी स्वतः मोटार हाकत गावोगावच्या मैफली गाठायचे, ते कलंदर. पुरुषानं केलं की कलंदरी, बाईनं केलं की शिष्टपणा. लहर तीच, विशेषण बदलतं.

"ते काही मला सांगू नका," माई मेथीची जुडी घेऊनच बाहेर आल्या. माहेर गोव्याचं, त्यामुळे या विषयात त्या स्वतःला फिर्यादी समजतात आणि न्यायाधीशही. "आमच्या केरीच्या केसरबाई! त्यांचा काय दरारा होता ठाऊक आहे? पण गाणंही तसंच होतं. त्यांना कोण शिष्ट म्हणणार?"

"म्हणत होते की माई, भरपूर म्हणत होते." केसरबाई केरकरांना रेकॉर्डिंगचं फारसं अप्रूप नव्हतं, तबकड्या मोजक्याच. गंमत बघा, त्यातलीच साडेतीन मिनिटांची एक भैरवी, 'जात कहाँ हो', 1977 साली व्हॉयेजर यानांतल्या सोनेरी तबकडीवर चढली आणि सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. इथल्या लोकांची फारशी पत्रास न ठेवणारी बाई आता परग्रहावरच्या श्रोत्यांसाठी गातेय. त्यांनाही सेल्फी मिळणार नाहीच.

माई खूश झाल्या. सून मात्र मुद्द्यावर परत. "पण काकू, झाकिर हुसेन बघा ना. केवढा मोठा माणूस, आणि किती हसतमुख! सगळ्यांशी कसं बोलायचे."

अगदी बरोबर. झाकिरभाई हसले की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटायचं, हे माझ्याकडे बघूनच हसले. 2024 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा ज्यानं त्यानं आपापला फोटो काढून दाखवला, आणि प्रत्येक फोटोत तेच हसू. पण याच झाकिरभाईंचा नियम तुला माहीत आहे का? लग्नात वाजवणार नाही, कंपन्यांच्या समारंभात नाही, खासगी मेजवानीत नाही. जिथं लोक खायला-प्यायला जमतात आणि गाणंबजावणं तोंडी लावायला असतं, तिथं नाही. हे त्यांनी उघड सांगितलेलं आहे. आता मला सांग, किशोरीताई दुसरं काय मागत होत्या? मागणं तेच. एकानं ते हसून दाराबाहेरच सांगितलं, दुसरीनं मैफल भरल्यावर, भुवया चढवून. आपण मार्क दिले ते भुवयांना.

ती विचारात पडली. मी नळी दुसऱ्या कुंडीत टाकली.

हसतमुख असणं हीसुद्धा मेहनतच असते, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. काहींना ती जमते, काहींना नाही. काही जण तर तिच्या वाटेलाच जात नाहीत. मुंबईत अन्नपूर्णादेवींच्या दारावर पाटी होती: सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही, घंटी तीनदाच वाजवा, कुणी उघडलं नाही तर नाव-पत्ता ठेवून जा. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी. सुरबहार असं वाजवायच्या म्हणतात की ऐकलेली माणसं विसरली नाहीत, आणि 1950 च्या दशकानंतर लोकांसमोर बसल्याच नाहीत. हरिप्रसाद चौरसियांनाही त्यांनी बरीच वर्षं दाद दिली नव्हती. हरिजींनी मग बासरी उजवीकडून डावीकडे घेतली, नव्यानं सुरुवात करायची तयारी दाखवली, तेव्हा कुठं शिकवायला लागल्या. हरिजी पहिल्या दिवशी 'शिष्ट बाई' म्हणून घरी गेले असते तर?

"ते हरिजी होते, मी आपली पासवर गेलेली," सून म्हणाली. हेही खरंच.

पहिल्या नजरेत माणूस ओळखायचा म्हटलं तर आणखी एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय मला राहवेना. साधारण शंभर वर्षांपूर्वी मोगूबाई सांगलीत राहत होत्या, ऐन तरुण. घरात रियाज करत बसायच्या. रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ रोज थबकून ऐकायचे. औषधोपचारासाठी सांगलीत आलेले. एक दिवस ते वर आले, गाणं ऐकलं आणि म्हणाले, मी शिकवतो. कोण, कुठले, मोगूबाईंना पत्ता नाही. शिकायला लागल्या. हे अल्लादियाखाँ, जयपूर घराण्याचे प्रत्यक्ष उस्ताद, हे त्यांना नंतर कळलं. आज एखादा म्हातारा तुझ्या दारात उभा राहून म्हणाला, मी शिकवतो, तर तू काय करशील?

"सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकीन. सावधान म्हणून."

माईसुद्धा हसल्या. मग त्यांनी धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना त्यांच्या मामांनी एकदा कसं पाहिलं ते सांगायला घेतलं. किरकोळ अंगाचा, धोतर-टोपीतला माणूस, बाजाराला निघालेला वाटावा. मामा म्हणे बाजूच्याला विचारत होते, बुवा कधी येणार? मामांची ही गोष्ट दर वेळी थोडी बदलते, म्हणून फार भरवसा ठेवत नाही. पण बुवांचं रूप त्या अगदी हुबेहूब सांगतात.

"मग काकू, गोड बोलणारे चांगले की फटकून वागणारे?"

मी म्हटलं, दोन्हींकडे बघायचंच नाही. बघायचंच असेल तर रंगमंचावर बघ. तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीकडे बघ. तिची बोटं चुकली की गाणारा काय करतो? नुसती मान वळवून डोळ्यानं सांगतो, की माइकवर चारशे लोकांसमोर तिची शोभा करतो? पेटीवाल्यानं एखादी जागा छान घेतली तर त्याला 'वा' मिळते का? तबलजीला एक आवर्तन मोकळं मिळतं का? एक कलाकार मला ठाऊक आहेत, पुन्हा नाव विचारू नकोस. श्रोत्यांना वाकून नमस्कार, म्हाताऱ्यांच्या पाया पडणार, लहान पोरांचे गालगुच्चे घेणार. सगळं पुणं म्हणतं, काय नम्रता! आणि साथीदारांना पाकीट कधी मिळतं? मिळतं, पण चार फोन केल्यावर.

"कोण हो?" दोघी एकदम.

सांगितलं नाही. एवढं पथ्य मी पाळते. माईंनी तीन नावं घेऊन बघितली, तिन्ही चुकली. निदान मी तसं म्हटलं.

"ते असू दे," सून म्हणाली. "कालच्या त्या बाईंचं सांगा. शिष्ट की नाही?"

"असतीलही. मी कुठं त्यांच्याशी संसार केलाय? पण अर्धा तास झाला, तू हात कसा वर केला ते सांगितलंस, डोळे कुठं होते ते सांगितलंस, साडीचा काठ सांगितलास. गाणं कसं झालं?"

"गाणं ना..." ती अडखळली. "मला काय कळतं त्यातलं. राग कुठला तेही समजलं नाही. सहाच्या सुमाराला सुरू झालं. पण काकू, विचित्रच वाटत होतं. म्हणजे वाईट नाही, पण जिवाला चैन पडेना. आता खाली येऊन टेकतील, आता टेकतील असं वाटायचं आणि टेकायच्याच नाहीत. घराच्या फाटकापर्यंत येऊन माणूस परत वळावा तसं. मला तर मध्येच रडू आलं, का ते कळलं नाही. हे हसले मला."

मी नळ बंद केला. "सहाला? दिवेलागणीला? मारवा असणार गं. त्यात षड्जावर विसावायचं टाळत जातात, म्हणून तसं होतं. मग? नंतर काय गायल्या?"

"नंतर काही नाही. ते चालू असतानाच कुणीतरी येऊन त्यांच्यापुढं चिठ्ठी ठेवली. वेळ संपली म्हणे, पुढचे कलाकार थांबलेत आणि पाहुण्यांचा सत्कार व्हायचाय. त्यांनी चिठ्ठी वाचली, दोन मिनिटांत आटोपलं आणि उठल्या."

"आणि तू तेवढ्यात फोन घेऊन मागं गेलीस?"

"मग! गर्दी व्हायच्या आत."

"अगं, मारवा असा निम्म्यावर सोडून चिठ्ठीवर उठलेल्या बाईनं 'आत्ता नको' एवढंच म्हटलं? मी असते तर चपला राहिल्या तिथंच ठेवून पळाले असते तिथून."

"खरंच काकू, चपला हातातच होत्या त्यांच्या," सून म्हणाली, आणि माईंनी विचारलं, "सत्कार कुणाचा होता पण?"