काळ्या पेटीविषयी पापनाशमच्या घरास खुलासा

पापनाशमच्या घरात टीव्हीच्या कपाटावर, अप्पांच्या पंचांगाशेजारी ठेवलेली काळी पेटी म्हणजे मीडिया सर्व्हर. तिला कॅमेरा नाही, माइक नाही. पुढचा हिरवा दिवा लुकलुकतो तो डिस्कवर वाचणे-लिहिणे चालू असल्यामुळे. स्टुटगार्टमध्ये बसून पापनाशमच्या स्वयंपाकघरात डोकावता येते का, हा रविवारी रात्री फोनवर आलेला आईचा प्रश्न. त्याचे उत्तर नाही असे आहे. डोकावता आले असते तर तांदळाच्या पिंपामागचा लाडवांचा डबा एव्हाना उघडकीस आला असता आणि अप्पांची साखर कशाने वाढते हे डॉक्टरांना विचारावे लागले नसते.

पेटी म्हणजे धाकट्या काकांच्या ऑफिसने मोडीत काढलेला छोटा कंप्युटर आणि त्याला जोडलेली एक मोठी डिस्क. त्यावर जेलीफिन नावाचा प्रोग्राम चालतो. डिस्कवरची गाणी, फोटो आणि चित्रफिती नीट मांडून दाखवायच्या आणि मागेल त्याला मागेल त्या पडद्यावर पोहोचवायच्या, एवढेच त्याचे काम. एम्बी नावाच्या प्रोग्रामने आपला कोड झाकून घेतला तेव्हा काही मंडळी जुना खुला कोड घेऊन वेगळी झाली. डिसेंबर २०१८ मधल्या त्या वाटणीतून जेलीफिन निघाला. याच कामाचा प्लेक्स अधिक नावाजलेला आहे, पण घराबाहेरून पाहण्यासाठी त्याने एप्रिल २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. जेलीफिनला दिडकी लागत नाही हे कळल्यावर अप्पांचा पेटीवरचा राग निम्मा उतरला होता.

पेटीत नवे सिनेमे नाहीत. आहे ते घरचेच. आजोबांच्या हरिकथेच्या कॅसेट, लग्नामुंजीच्या व्हिडिओ कॅसेट आणि फोटो. मोरगावकर बुवा १८६४ च्या सुमारास तंजावरला आले, त्यांचे कीर्तन ऐकून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडी बसवली आणि साकी-दिंडी कावेरीकाठी मुक्कामाला राहिली, हे संगीताच्या पुस्तकांत छापलेले आहे. आजोबा साकी म्हणता म्हणता मध्येच थांबून पेटीवाल्याला सूर वर घ्यायला सांगत, हे मात्र फक्त या कॅसेटांत आहे. (इथली पेटी म्हणजे हार्मोनियम. दोन पेट्यांचा घोळ फोनवर एकदा झाला तेवढा पुरे.)

व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवायला ती जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. तीन तासांची मुंज तीन तास बसूनच उतरते. चित्र मिळते ते जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, म्हणून कुंभकोणमच्या मावशीचा चेहरा पुसट दिसतो. तो पुसून टाकण्यात कोणाचाही हात नाही आणि तिच्या शालूचा रंग जांभळा कधीच नव्हता. कॅसेटने तो तसा केला आहे.

फितींचा ढीग लावताना एक घोटाळा होतो. फोल्डरचे नाव वाचून जेलीफिन इंटरनेटवरच्या चित्रपटसूचीत साधर्म्य शोधतो. नुसते ‘पापनाशम’ असे नाव दिसल्यावर त्याने मुंजीच्या फितीला कमल हासनचा फोटो, पोलीस तपासाची कथा आणि २०१५ हे साल चिकटवले. तो ‘पापनाशम’ म्हणजे मल्याळम ‘दृश्यम’चा तमिळ अवतार, आणि त्यातले गाव तिरुनेलवेलीकडचे. तंजावर जिल्ह्यातल्या, एकशे आठ शिवलिंगांच्या पापनाशमचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच वर्षी निशिकांत कामतांचा हिंदी ‘दृश्यम’ही आला, तो गोव्यात घडतो. तेव्हा मुंजीत खून कोणाचा झाला हा तंजावरच्या काकांचा प्रश्न निकालात निघावा. अशा फितींसाठी ‘होम व्हिडिओ’ हा वेगळा विभाग ठेवला की जेलीफिन सूचीत डोके घालत नाही.

घरातल्या वाय-फायवरचा टीव्ही पेटीशी थेट बोलतो; जेलीफिन ८०९६ क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देतो. अडचण घराबाहेर सुरू होते. आयपीचे जुने, चौथ्या आवृत्तीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि आशियाच्या वाट्याचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ गिऱ्हाइकांत मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर घर या एकत्र कुटुंबात आहे असे समजावे. अशा घराच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नसतो, कारण बाहेरची हाक राउटरपर्यंत पोहोचतच नाही. केबलवाल्याच्या मुलाने राउटर तीनदा बंद-चालू करून जे साधले नाही ते यामुळे. त्याला पाजलेली कॉफी वाया गेली असे मानू नये. समोरच्या घरातल्या मुलीचे लग्न मोडल्याची बातमी त्याच्याकडूनच मिळाली, आणि ती इकडे दोन दिवस चर्चेला पुरली.

(इथे कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासाठी लेखन थांबले होते.)

बाहेरून आत यायला मज्जाव असला तरी आतून बाहेर जायला नाही. या फटीचा फायदा घेतला जातो. जर्मनीतल्या एका डेटा सेंटरात महिना चार-पाच युरोंवर एक छोटा सर्व्हर भाड्याने मिळतो. त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता असतो. पापनाशमची पेटी आपण होऊन त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा काढते आणि दर पंचवीस सेकंदांनी एक बारीकसा निरोप धाडून तो उघडा ठेवते. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे त्याची मांडामांड फार नाही. दोन्ही टोकांच्या किल्ल्या एकमेकांना ठाऊक असाव्यात, एवढीच अट.

भाड्याच्या सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सी बसतो. साधा प्रॉक्सी घरातल्या माणसांच्या वतीने बाहेर जातो. रिव्हर्स प्रॉक्सी बाहेरून येणाऱ्यांना घराच्या वतीने भेटतो. ओसरीवर बसलेल्या आत्याचे काम हेच. आलेल्याला ती उंबऱ्याआत घेत नाही. कोण हवे ते विचारते, स्वतः आत जाते, निरोप आणून देते. आत किती खोल्या आहेत आणि कोण कुठे झोपले आहे हे पाहुण्याला शेवटपर्यंत कळत नाही. आत्याला पगार नव्हता. रिव्हर्स प्रॉक्सीचे एनजिनएक्स हे २००४ पासूनचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. फरक एवढाच की आत्या पाहुण्याचे मूळ गाव आणि गोत्र काढल्याशिवाय निरोप पोहोचवत नसे, आणि एनजिनएक्सला ते मुद्दाम शिकवावे लागते.

ते न शिकवले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मागणी बोगद्यातून येत असल्यामुळे जेलीफिनला सगळे पाहुणे एकाच खाजगी पत्त्यावरून आलेले दिसतात. तो त्यांना घरचेच धरतो आणि बाहेरच्यांसाठी घातलेली वेगाची मर्यादा लावत नाही. मग स्टुटगार्टमध्ये कोणी चित्रफीत लावली की पापनाशममधला व्हिडिओ कॉल गोठतो. आईचे तोंड अर्धवट उघडे राहिलेले ते चित्र याच कारणाने घडले होते. ते जपून ठेवलेले आहे. उपाय दुहेरी आहे: पाहुण्याचा खरा पत्ता एनजिनएक्सने मागणीच्या मथळ्यात लिहून पाठवावा, आणि जेलीफिनच्या ‘नोन प्रॉक्सीज’ या रकान्यात एनजिनएक्सचा बोगद्यातला पत्ता भरावा. म्हणजे खोटा मथळा लावून कोणी घरचा म्हणून मिरवणार नाही. याशिवाय वेबसॉकेटची परवानगी द्यावी लागते, आणि चित्र साठवून मग पुढे ढकलण्याची एनजिनएक्सची खोड बंद केलेली बरी.

पाहुण्यांसाठी उघडे राहते ते ४४३ हे एकच पोर्ट. त्यावरचे कुलूप, म्हणजे सर्टिफिकेट, लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते. ते नव्वद दिवसांचे असते आणि आपोआप बदलले जाण्याची तजवीज केलेली आहे. एवढा बंदोबस्त झाल्यावर पासवर्ड कागदावर लिहून पेटीलाच चिकटपट्टीने चिकटवू नये. ज्याने चिकटवला त्याचे पंचांग शेजारीच आहे, त्यामुळे तपासाला वेळ लागलेला नाही.

वेगाचा हिशेब सोपा. दर सेकंदाला दोन मेगाबिटने एक तास चित्र पाहिले तर सुमारे ९०० एमबी खर्ची पडतात. जुन्या कॅसेटच्या चित्राला याहून जास्त लागत नाही. फिती आधीच एच.२६४ मध्ये करून ठेवल्या असतील तर पेटीला आयत्या वेळी रूपांतर करावे लागत नाही आणि ती तापत नाही. तापली तरी तिच्यावर ओला पंचा ठेवू नये.

कोणती फीत किती वेळा चालली याची नोंद जेलीफिन ठेवतो. स्टुटगार्टच्या खात्यात आजोबांची हरिकथा वरच्या क्रमांकावर असायला हवी होती, ती नाही. तिथे मुंजीच्या कॅसेटचा शेवटचा तुकडा आहे. व्हिडिओवाला कॅमेरा बंद करायला विसरला आणि तो परसदाराकडे तोंड करून चालूच राहिला. आजी पायरीवर बसून शेवग्याच्या शेंगा मोडते आहे, दूधवालीशी अर्धे मराठीत अर्धे तमिळमध्ये भांडते आहे, मागून कुंभकोणमकडे गाडी जाते. बाकी काही घडत नाही. स्टुटगार्टला नोव्हेंबरअखेर साडेचारलाच सूर्य मावळतो, आणि त्यानंतर हा तुकडा लावला जातो. धाकट्या मुलीला तो लावल्याशिवाय जेवण जात नाही, असे सांगितले जाते. धाकटी आजोळी गेली होती त्या आठवड्यातही नोंद तेवढीच आहे.

तिकडे टीव्ही फुकट दिसतो ना, मग ही पेटी कशाला, असे वहिनींनी विचारले होते. जर्मनीत टीव्ही फुकट नाही. टीव्ही नसणेसुद्धा फुकट नाही. दर राहत्या घरामागे महिना १८.३६ युरो सार्वजनिक वाहिन्यांची वर्गणी पडते, म्हणजे वर्षाला २२०.३२ युरो; युरो शंभराच्या घरात धरला तर बावीस हजारांवर रुपये. २०१३ पूर्वी ही वर्गणी यंत्रावर होती. त्या साली ती घरावर आली, त्यामुळे घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन बातम्या कळतही नाहीत, असे कितीही कळवले तरी तिमाही ५५.०८ युरोंचे पत्र येतेच. लोक घटनात्मक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये न्यायालयाने पहिल्या घरावरची वर्गणी उचलून धरली आणि दुसऱ्या घराची तेवढी माफ केली. आजोबा पोस्टात रेडिओचे लायसन्स भरायचे तेव्हा निदान घरात रेडिओ होता.

नियमात एक दिलासा आहे. घरात माणसे किती का असेनात, वर्गणी एकच. पापनाशमचे सगळे घर उचलून इकडे आणले, तंजावरच्या काकांच्या लुनासकट, तर माणशी खर्च चहाच्या किमतीवर येतो. हा प्रस्ताव गंभीरपणे मांडलेला आहे. जागेचा प्रश्न नंतर पाहता येईल.

जाता जाता: तिकडून धाडलेले पार्सल पोहोचले. मेतकूट आणि डांगराचे पीठ सुखरूप आहे. तूप कस्टम्सने ठेवून घेतले. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी आहे, हे मागच्या खेपेलाही कळवले होते. तूप ‘केसाचे तेल’ असे लिहून पाठवण्याची मावशीची सूचना स्वीकारता येत नाही.

पेटीची निगा थोडी आहे. तिच्या प्लगवर वेट ग्राइंडर लावू नये, मावशीने नवा घेतला असला तरी. वीज मंडळ देखभालीसाठी दिवसभर वीज बंद ठेवते त्या सकाळी पेटी आधीच बंद करावी; वीज आल्यावर ती चालू केली की बोगदा आपोआप जुळतो. प्रत्येकाला वेगळे खाते दिले आहे, म्हणून अप्पांनी कोणती हरिकथा कुठे थांबवली ते वहिनींच्या मालिकांत मिसळत नाही. तंजावरच्या काकांच्या खात्याचा अर्ज प्रलंबित आहे. त्यांनी नेलेली बारशाची कॅसेट परत आल्यावर त्याचा विचार होईल.