वाडीचा मुक्काम

नागपूरच्या महालातून शेगावला निघालेल्या माणसाचा पहिला मुक्काम वाडीत पडावा, हे काही प्रवासवर्णनाला शोभत नाही. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर करत विद्यापीठाचा परिसर मागे टाकला, की अमरावती रोडवर ट्रकांच्या रांगा लागतात. त्या दिसल्या की वाडी आली समजायचं.

पण काकांच्या गाडीला खोड लागली होती. पहाटे सेल मारला की इंजिनातून खडाखड आवाज यायचा, दोन-तीन सेकंद टिकायचा आणि आपसूक थांबायचा. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता. तितकी नसली तरी थंडी होती, त्यामुळे पहाटेच्या शांततेत आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाई आणि गल्ली मत द्यायला बाहेर येई. "रॉड मारून राहिला," असं एकाचं निदान. "फुल इंजिन निघते," दुसऱ्याचं. तिसऱ्याने खापर इथेनॉलवर फोडलं.

इथेनॉल हा नागपुरात नाजूक विषय. इथले खासदार नितीन गडकरी त्याचे खंदे पुरस्कर्ते, त्यामुळे पेट्रोलच्या चर्चेला राजकारणाचा तडका आपोआप बसतो. 2025 पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपोपंपी आलं आणि गाडीच्या यच्चयावत दुखण्यांचा आरोपी सापडला. या खटल्यात मात्र तो निर्दोष आहे. इंधन अवेळी भडकून इंजिन ठोकतं ते चढावर, ओझ्याखाली. उभ्या गाडीत सेल मारताना नव्हे. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, म्हणजे ते अशा ठोक्याला उलट आवरच घालतं. याच ठोक्यावर उपाय म्हणून अमेरिकेत थॉमस मिजलीने 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालून पाहिलं, आणि ते विष आपल्या पंपांवरून हद्दपार व्हायला 2000 साल उजाडलं. गल्लीत हे कोण ऐकून घेणार?

तर शेगावला जाता जाता वाडीतल्या मिस्तरीला गाडी दाखवायची, असं ठरलं. दुपारी काका-काकू गॅरेजवर पोचले. बाजूला ट्रकचं वेल्डिंग चाललेलं, घणाचे घाव पडत होते. शेजारच्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची कवचं घडतात. अशा मुलखात लोखंडाच्या आवाजाला कोण मान वळवतो! काकांनी बॉनेट उघडलं, सेल मारला. मुलगी पाहायला पाहुणे आल्यावर घर जसं वागतं, तशी गाडी वागली. खडखड नाही की कुरकुर नाही.

"गरम हाय न काका ते," मिस्तरी म्हणाला. "तेल सगळीकडे चढून हाय. आता काहीच बोलनार नाही. रातभर ठेवा इथंच, सकाळी मीच सेल मारतो. तवर कोनी चाबीले हात लावू नका."

याला म्हणतात निदान. थंड इंजिनाचं दुखणं गरम इंजिनात शोधणारे मिस्तरी पुष्कळ असतात, आणि बिलं त्यांचीच मोठी असतात. काकूंची तर काही तक्रारच नव्हती. दत्तवाडीत त्यांची सख्खी बहीण राहते. साडूंनी मात्र रात्री तर्रीदार रस्स्याबरोबर काकांना स्वतःच्या गाडीच्या इंजिनकामाचा खर्च तपशीलवार वाढला. काकांना झोप लागली नाही.

सकाळी मिस्तरीने आधी डिपस्टिक ओढली. तेल दोन खुणांच्या मध्ये होतं. मग पोराला सेल मारायला सांगितलं, लांब पेचकसाचं टोक टायमिंग चेनच्या झाकणावर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. खडाखड सुरू झाली. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा जळतच होता. तो विझला आणि त्याच क्षणी आवाजही थांबला.

"रॉड नाही," तो म्हणाला. रॉडचं बेअरिंग गेलं असतं, तर ठोका जाड आला असता, रेस वाढवली की वाढला असता. पिस्टन वाजत असता, तर इंजिन तापेपर्यंत वाजलाच असता. हा आवाज चेनचा. चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल, म्हणून फटकते.

दाब उशिरा का येतो, ते फिल्टर खोलल्यावर कळलं. रात्री तेल खाली उतरू नये म्हणून फिल्टरच्या तोंडाशी रबराची चकती असते. मिस्तरीने ती अंगठ्याने दाबली. वळायचं नावच घेईना. स्वस्तातला माल, कडक झालेला. त्यात पुस्तकात पाच-डब्ल्यू-तीस लिहिलेलं असताना काकांनी वीस-डब्ल्यू-पन्नास ओतलेलं. जाड तेल टिकतं, अशी त्यांची श्रद्धा! पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा असतो. तो मोठा, तर पहाटेचं तेल वर चढायला आळस करणारच.

फिल्टर बदलला, तेल बदललं. पण खात्री करायची, तर गाडी पुन्हा थंड व्हायला हवी. म्हणजे दत्तवाडीत आणखी एक रात्र. काकू लगेच बहिणीबरोबर भाजी आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सेल मारला. दिवा लागला आणि पटकन विझला. इंजिन गुपचूप चालू. जमलेल्या चार जणांची साफ निराशा झाली. "आज ठंडी कमी हाय," असं म्हणून एकाने बाजू सावरली. बिल साडूंच्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. ते काकांनी दोनदा वाचलं, मग गाडीत बसून कान टवकारले.

"मिस्तरी, मागच्या दाराचा काहीतरी आवाज येऊन राहिला."

"तो पहिलेपासूनच हाय काका. इंजिनापायी ऐकू येत नव्हता. शेगाववरून या, मंग पाहू."

काकूंनी काच वर केली. गाडी गोंडखैरीच्या दिशेला लागली, तरी काका मागच्या दाराकडेच कान देऊन होते.