बाबा यागा, मुक्काम पोस्ट नवेगावबांध

गुरुजी नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत, पण रशियाचा विषय निघाला की शेजारच्या गावची वाट सांगावी तसे बोलतात. "तलाव डाव्या हाताला ठेवायचा. साग, ऐन संपले आणि बांबू लागला की थोडं पुढे गेल्यावर बाबा यागा चेटकिणीची झोपडी. कोंबडीच्या पायांवर उभी असते. तुम्ही पोचाल तेव्हा ती पाठ करून असेल. घाबरायचं नाही. 'वळ' म्हणायचं, वळते."

आपण मुकाट्याने मान हलवतो. न जाणो, उद्या त्या बाजूला जावं लागलं तर!

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. गावात त्यांना 'रशियन गुरुजी' म्हणतात. राजकारणाशी याचा काडीचा संबंध नाही. भागवत सप्ताहात ते पहिल्या रांगेत असतात. लेनिनबद्दल कोणी छेडलंच तर म्हणतात, "भला माणूस असेल. पण त्याच्या गोष्टीत कोल्हा नाही."

हे वेड लागलं स्वस्ताईमुळे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आपल्याकडे येत, आधी प्रगती प्रकाशनाची आणि मग 1982 पासून रादुगाची. अनिल हवालदारांसारख्यांनी केलेले अनुवाद, जाड कागद, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत अशी की तेवढ्या पैशांत इथे नुसतं वेष्टन छापून झालं नसतं. गुरुजींनी पगारातून एक लोखंडी ट्रंक भरली. धान ठेवायच्या कोपऱ्यात पुस्तकं आली म्हणून घरात पुष्कळ वाजलं. ट्रंक हलली नाही. आजही ती कडुलिंबाचा पाला घालून तिथेच आहे, आणि हात धुतल्याशिवाय तिला शिवायची कोणाची टाप नाही. पोरं आधी पुस्तक हुंगतात, मग उघडतात.

डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि पुस्तकांचा ओघ आटला. गुरुजींनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचा लाडका वीर इल्या मुरोमेत्स 33 वर्षं घरातल्या मोठ्या चुलीवर पाय लुळे पडून बसला होता आणि मग उठला. त्या हिशेबाने मॉस्कोची मराठी पुस्तकं 2024 साली परत यायची होती. 2024 गेलं. आता गुरुजी सांगतात की रशियाचं जुनं पंचांग आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे चालतं, थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

अफानास्येव नावाच्या गृहस्थांनी 1855 ते 1863 या काळात सहाशेच्या आसपास रशियन लोककथा छापल्या. गुरुजींच्या ट्रंकेत त्यातल्या मोजक्याच आहेत. बाकीच्या त्यांनी घरच्या घरी तयार केल्या असाव्यात, असा माझा दाट संशय आहे. नाहीतर रशियन राजपुत्र रोवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत म्हणून रडला नसता.

धान चुरून झालं की त्यांच्या अंगणात बैठक जमते. पोरं तणसावर पसरतात. बाबा यागा उखळात बसून उडते, मुसळाने उखळ हाकते आणि मागची खूण झाडूने पुसत जाते, इथपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. एकदा मागून एका टुऱ्याने शंका काढली.

"गुरजी, आमच्या घरी तं उखरच नाई. मंग ते बुढी कशात उडन?"

गोंदिया म्हणजे राईस मिलांचा मुलूख. उखळ आता लग्नातल्या हळदीपुरतं दिसलं तर दिसतं. गुरुजी क्षणभर थांबले. "म्हणूनच तर ती हल्ली येत नाही," ते म्हणाले. "मिला आल्या आणि तिची गाडी बंद पडली." पोरांना हे पटलं. एकाने मात्र जाताना मिलच्या हालरमध्ये वाकून पाहिलं, असं ऐकतो.

थंडीची गोष्ट सांगायला त्यांना काहीच अडचण येत नाही. हिवाळ्यात विदर्भातला पारा कितीदा तरी गोंदियातच सगळ्यात खाली जातो. ती बातमी आली की गुरुजी कात्रण काढतात आणि मुलगा दहावीत पहिला आल्यासारखे गावभर दाखवत फिरतात. त्याच रात्री मोरोझ्कोची गोष्ट होते. सावत्र आईने जंगलात सोडलेली पोर झाडाखाली काकडते आहे. थंडीचा म्हातारा फांद्या कडकडवत येतो आणि विचारतो, "थंडी वाजते का वो बाई?" ती दातावर दात आपटत म्हणते, "नाई जी बाबाजी." 'जी' म्हटल्यामुळे तिला पेटीभर दागिने मिळतात. आपल्याकडे बर्फ का पडत नाही, असं विचारलं तर गुरुजी म्हणतात, "मंजुरी आलेली नाही."

त्यांची खरी करामत बेडूक-राजकन्येच्या गोष्टीत. मेजवानीत ती नाचते, एक बाही झटकते तर तळं होतं, दुसरी झटकते तर हंस पोहू लागतात. हंस इथे पाहिलाय कोणी? गुरुजींच्या बाहीतून सारसाची जोडी निघते. महाराष्ट्रात सारस राहिले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, त्यामुळे पोरं लगेच माना वळवून बांध्यांकडे बघतात. मग मत्सरी जावा तिची नक्कल करायला जातात आणि त्यांच्या बाहीतली हाडं उडून राजाच्या डोळ्यात जातात. इथे गुरुजी बाहीत साठवलेल्या बोराच्या बिया खरोखर उधळतात. मंडईच्या दिवशी एक बी सरपंचांच्या कपाळावर बसली. सरपंच रागावले नाहीत. गोष्टीत ती राजाला लागते, हे त्यांच्या लक्षात होतं.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्या वाटणीत गुरुजींचं सर्व्हिस बुक कुठल्या तरी कचेरीत अडकलं, ते निवृत्तीपर्यंत निघेना. टेबलावरच्या बाबूंनी समजावलं की बुक फायलीत आहे, फाईल गठ्ठ्यात, गठ्ठा कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. दुसरा कोणी कपाळ बडवून घेता. गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्ची ओढली आणि अख्ख्या कचेरीला अमर कोश्चेईची गोष्ट ऐकवली. कोश्चेईचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली. चहा थंड झाला. शेवटी गुरुजींनी विचारलं, "बाकी राहू द्या. एवढंच सांगा, सध्या ससा कोणाकडे आहे?"

बाबू गंभीरपणे म्हणाले, "साहेब दौऱ्यावर आहेत."

कोणाला न डरणारे गुरुजी अस्वलापाशी मात्र अडले. माशा टोपलीत लपून अस्वलाच्या पाठीवर बसते आणि त्याच्याकडूनच आजी-आजोबांच्या घरी पोचते, ही त्यांची हुकमी गोष्ट. ऐकायला एक म्हातारबाबा बसले होते. मोहफुलं वेचायला पहाटे गेले असताना अस्वलाने त्यांचा एक गाल ओरबाडून नेलेला. ते म्हणाले, "टोपली गिपली नेत नाई जी ते. माणसालेच धरते."

"हे रशियातलं अस्वल आहे, बाबाजी."

"अस्वल अस्वलच."

मोबाईलवर माशाचं कार्टून पाहिलेल्या एका टुरीने सांगितलं की ते अस्वल फार चांगलं असतं, स्वयंपाकसुद्धा करतं. म्हातारबाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आईच्या मागे सरकली. गुरुजींनी हात जोडले. "मग माशाने काय करायचं, तुम्हीच सांगा." बाबांनी सांगितलं. एकटं जायचं नाही, बोलत, काठी वाजवत चालायचं, आणि झाडावर चढून वाचू असं मुळीच समजायचं नाही, कारण तेही चढतं. पोरं श्वास रोखून ऐकत होती. तेव्हापासून ती गोष्ट दोघं मिळून सांगतात. टोपलीपर्यंत रशिया, पुढे म्हातारबाबा. माझ्या मते मूळ गोष्टीपेक्षा ही बरी.

परवा शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता. नव्या गुरुजींनी फळ्यावर 'तात्पर्य' लिहून पुढे जागा सोडली. रशियन गुरुजींनी त्या जागेकडे पाहिलं आणि तिकडची रीत असते तसा शेवट केला. "त्या लग्नाला मीही होतो. पंगतीत बसलो, मठ्ठा प्यालो. सगळा मिशांवरून ओघळला, तोंडात थेंब गेला नाही."

पहिल्या रांगेतली पोर त्यांच्या तुळतुळीत ओठाकडे बघत उभी राहिली.

"गुरजी, तुमाले तं मिशाच नाईत."

"त्याच लग्नात गेल्या," गुरुजी म्हणाले, आणि फळा पुसायला घेतला.