बिलाय

तालुक्याच्या प्रत्येक गावाला इंग्रजीचे एक निवृत्त सर असतातच. आमच्या शिरोळचे सर म्हणजे पायात कोल्हापुरी, खिशात दोन पेनं आणि काखेत फुगलेली डिक्शनरी. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच चहाचा गाडा. तिथं ते रोज सकाळी एक नवा शब्द आखाड्यात सोडतात.

परवा गाड्याजवळ येताच म्हणाले, ‘‘बिलाय!’’

बाकड्यावरचे तिघं ताठ झाले. ‘‘आलंय? कितीनं काढलंय?’’

शिरोळात बिल म्हणजे ऊसबिल. 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्या. शेतकऱ्याला तो आकडा पाठ असतो आणि कान बँकेच्या मेसेजकडे.

‘‘अरे, क्रियापद आहे ते! बी, ई, एल, आय, ई. पोटात ‘लाय’ दिसतंय का? म्हणजे खोटं. वरून एक, आत दुसरंच.’’

‘‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,’’ गाडीवाला गाळणी झटकत म्हणाला.

‘‘शाब्बास! आता वाक्यात उपयोग.’’

कॉलेजचा पोरगा म्हणाला, ‘‘त्याच्या घामानं त्याची भीती बिलाय केली.’’

‘‘उलटं केलंस! घामानं भीती उघडी पडली. हसऱ्या तोंडानं ती झाकली असती, तर बिलाय. आणि कर्ता सांभाळा. जुन्या इंग्रजीत माणूसच कर्ता असायचा, दुसऱ्याबद्दल खोटं सांगणारा. आता सहसा माणूस चालत नाही. पुढाऱ्यानं बिलाय केलं म्हणायचं नाही, त्याच्या पांढऱ्या टोपीनं केलं म्हणायचं.’’

‘‘म्हणजे पुढारी सुटला आणि टोपी घावली?’’

‘‘व्याकरणात तसंच आहे.’’

मग सर भिंतीकडे वळले. तिच्यावर 2005 च्या महापुराची रेघ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगा फुगल्या, तेव्हा ह्याच रेघेवर बोट ठेवून सरांनी गल्लीला धीर दिला होता, ‘‘ह्याच्यावर पाणी चढत नाही.’’ गल्लीनं ऐकलं. गाद्या खालीच राहिल्या. पाणी मात्र रेघेला न विचारता वर गेलं आणि सर डिक्शनरी डोक्यावर घेऊन बोटीत बसले. ती फुगलीय ती तेव्हापासून.

आता भिंतीवर दोन रेघा आहेत.

‘‘बघा,’’ सर खुलले. ‘‘खालच्या रेघेनं धोका झाकला, हा पहिला अर्थ. वरच्या रेघेनं खालचीला खोटं पाडलं, हा दुसरा. मराठीत दोन शब्द लागतात, इंग्रजी एकात भागवते.’’

‘‘आणि ‘पाणी चढत नाही’ म्हणणारं कोण होतं ओ?’’

सरांनी बशीतला चहा संपवला. ‘‘माणूस कर्ता चालत नाही, आत्ताच सांगितलं ना?’’

गाडीवाल्यानं उधारीची वही पुढं सरकवली. ‘‘बरं. मग ह्या बिलाचा कर्ता तेवढा सांगून जावा, सर.’’