लकवा इथं, संशोधक कुठं?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या पोरापोरींना पुढे काय करणार म्हणून विचारा. बी.एड., पोलीस भरती, नाहीतर तलाठी. एखादी 'मेंदूवर संशोधन करीन' म्हणाली, तर घरचेच म्हणतात, त्याला डॉक्टर व्हावं लागते!

नाही लागत. प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, कुठूनही मेंदूविज्ञानात जाता येतं. पुण्याच्या आयसरमध्ये एकात्मिक पीएच.डी.साठी बी.एस्सी.नंतरच अर्ज करता येतो. पुढे मुंबईची टीआयएफआर आहे, बंगळूरूचं निम्हान्स आहे, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. हे आमच्या वर्गांत कोणी सांगतच नाही.

आणि मेंदूचा प्रश्न काय फक्त पुण्या-मुंबईचा आहे? 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडला: सातातला एक मृत्यू लकव्याचा, म्हणजे मेंदूच्याच आजाराचा. आपण ज्याला मलेरियाचा जिल्हा म्हणत आलो, तिथं सगळ्यात जास्त माणसं लकव्यानं जात होती. त्यातली बहुतेक घरीच गेली. ना स्कॅन, ना शवविच्छेदन. अशा वेळी मृत्यूचं कारण घरच्यांना विचारूनच ठरवावं लागतं. तोंड वाकडं झालं होतं का? कोणत्या बाजूचा हात गेला? बोलणं कधी बंद पडलं? बीपीची गोळी चालू होती का?

हे प्रश्न नीट विचारणं हेही संशोधनाचं शिक्षणच आहे. झाडीबोलीत आणि गोंडीत ते विचारू शकणारी मुलगी प्रयोगशाळेत रिकाम्या हातानं जात नाही. पण तिला तिथवर पोहोचवायची जबाबदारी कोणी घ्यायची?

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. त्याने मोठ्या संस्थांशी करार करावेत, त्यांचे संशोधक विद्यार्थी इथल्या गावांत आणावेत, इथले तिकडे पाठवावेत. महाविद्यालयांनी यंदाच वर्गात एक तास काढून संस्थांची नावं आणि अर्जाच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. प्रवेश परीक्षेचं शुल्क आणि नागपूरचं एसटी भाडं ज्यांना जड जातं, त्यांचा खर्च उचलावा. एवढं झालं, तर लकव्यावरचा पुढचा शोधनिबंध आरमोरीच्या पोरीच्या नावानं निघेल. ती हुशार आहेच, तिला फक्त वेळेवर सांगा.